जुळीची डावी काख

३ फेब्रुवारी

मास्तर निवृत्त झाले आणि नाटकगृहाचा कपडेपट माझ्या गळ्यात पडला. व्यवस्थापकांचा पहिला हुकूम म्हणजे रोजच्या कामाची वही ठेवा. ठेवली. तिच्यात मीटर, बटणं आणि अस्तरं. ही दुसरी वही आहे, ती त्यांना दाखवायची नाही. हिच्यात काय लिहायचं ते अजून माझं मलाच ठरलेलं नाही.

मे महिन्यात नवं नाटक उभं राहणार आहे. राजदरबार, चौतीस पोशाख, आणि शिवणाऱ्या आम्ही तिघी. दिग्दर्शक म्हणतो, "पोशाख बोलले पाहिजेत." मी म्हटलं, आधी ते अंगावर बसू देत, मग बोलतील.

घरी येऊन हे सगळं जुळीला सांगितलं. जुळी म्हणजे माझ्या मापाचा शिंप्याचा पुतळा. कपडेपटात नवीन आलेल्या प्रत्येकीला मास्तर पहिल्या महिन्यात स्वतःच्या अंगाचा पुतळा करायला लावत. दुसऱ्याचं अंग झाकायचंय ना, आधी आपलं ओळखा, म्हणत. वीस वर्षांपूर्वी केलेली ही माझी. माझे सगळे कपडे तिच्यावरच बेतते. तिला डोकं नाही, त्यामुळे उलट उत्तर देत नाही. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, लेक लग्न होऊन गेली, आता घरात आम्ही दोघीच.

९ फेब्रुवारी

नवीन ब्लाऊजचा डावा मुंढा काचतोय. मुंढा म्हणजे बाही जिथे अंगाला जोडतात तो घेर. वीस वर्षं मी मुंढे कापतेय, माझा मुंढा चुकेल कसा? चूक जुळीची. वय झालं की माणूस सुटतं आणि तिला कोणी ते सांगितलेलं नाही.

तिच्या डाव्या काखेत कापसाचा एक थर चढवला, वर मलमलीची पट्टी टाचली आणि पट्टीवर पेन्सिलीने तारीख घातली. ही मास्तरांची शिस्त. नटनट्या जाड होतात, बारीक होतात. कोणता थर कधी चढवला ते लिहिलेलं असलं की काढताना घोळ होत नाही. हा चौथा थर. आधीच्या तीन तारखा वाचत बसले नाही, भूक लागली होती.

ब्लाऊजला शिवणीत दोन सूत, म्हणजे पाव इंच, माया सोडली. आता बसतो.

१८ फेब्रुवारी

लेकीचा फोन. सहावा महिना चालू आहे तिला. ती दूर असते, गाडीने अख्खा दिवस लागतो. फोन महिन्यातून एखादा, तोही तब्येत, हवा आणि बरं ठेवू का, एवढाच. आज मात्र म्हणाली, "आई, एक काम होतं. तू शिवतेस ना, तसला एक सैल गाऊन पाठवशील? विकतचे काचतात."

"कुठे काचतात?"

"असंच. वरती."

मला इतका आनंद झाला की माप विचारायचं राहून गेलं, परत फोन करावा लागला. तेरा वर्षांत तिने माझ्या हातचं काही अंगाला लावलेलं नाही. पंधरा वर्षांची असताना शाळेच्या नाचात होती. सगळ्या मुलींचे झगे बिनबाह्यांचे होते. मी तिच्या झग्याला न विचारता बाह्या जोडल्या. ऐनवेळी तिने तो घातला, मंचावर ती एकटीच बाह्यांची, आणि पोरी हसल्या. त्यानंतर ती मला म्हणाली होती, "तुझं शिवलेलं मी परत घालणार नाही." आणि शब्दाची पक्की निघाली. माझीच मुलगी ती.

१ मार्च

गाऊन झाला. निळा, मऊ सुती. काखेत चौबगला घातलाय. बाहीच्या सांध्यात घालायचा चौकोनी तुकडा तो, हात वर केला की मोकळीक देतो. लेकीच्या कपड्यांना मी नेहमीच घालायची. जुनी सवय. पार्सल केलं. दुकानात पार्सलवाल्याने विचारलं, आत काय? म्हटलं, गाऊन. तो म्हणाला, एवढंच? मला वाटलं होतं अजून काहीतरी पाठवावं, पण काय ते सुचलं नाही.

१२ मार्च

लेकीचा फोन, महिन्याच्या आत दुसऱ्यांदा!

"छान आहे गं. फक्त काखेत अजून थोडा सैल हवा होता."

"या दिवसांत सगळंच सुटतं."

"हो, पण..." मग आवाज खाली आणून म्हणाली, "माझ्या वेळी तुला काही त्रास झाला होता का, आई? म्हणजे वेगळा काही?"

"काही नाही. सगळं ठीक होतं. तू जप."

मोठा चौबगला घालून दुसरा गाऊन शिवायला घेतला. फोन ठेवल्यावर उगाच चिडले, ते कुणावर ते कळेना. शेवटी दिग्दर्शकावर चिडले, तो कायम हाताशी असतो.

३० मार्च

पाचवा थर.

फेब्रुवारीतला ब्लाऊज पुन्हा काचायला लागला. आज न्हाताना हात लावून पाहिला. डाव्या काखेतला उंचवटा जुनाच आहे, लेकीच्या जन्मापासूनचा, पण आता आत काहीतरी कडक लागतं. आणि वर कातडीला खळी पडलीय, धागा जास्त ओढला की कापडाला पडते तशी.

काळजीचं कारण नाही. गेल्या वर्षी नाटकगृहातल्या बायकांसाठी तपासणी शिबिर होतं, तेव्हा छातीचा फोटो काढला होता. 'दोन्ही बाजू साफ' असा कागद आहे माझ्याकडे. तिथल्या डॉक्टरांना काखही दाखवली होती. ते खुर्चीतूनच म्हणाले, चरबीची गाठ. कागद कपाटात, लग्नाच्या फोटोखाली ठेवलाय. आज काढून दोनदा वाचला.

११ एप्रिल

कपडेपटात पुतळे कमी पडताहेत, म्हणून जुळीला कामावर नेलं. चादरीत गुंडाळून बसमध्ये खिडकीशी बसवली. कंडक्टर म्हणाला, "यांचं तिकीट?" सगळी बस हसली, मीही हसले. उतरताना लक्षात आलं की आज सकाळपासून पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याशी बोललं होतं.

१६ एप्रिल

आज मास्तर आले. निवृत्त माणसाने यायचं कारण काय, तर म्हणे इकडून चाललो होतो. त्यांचं घर बरोबर उलट्या दिशेला आहे. राजाच्या अंगरख्याची पाठ पाहिली, ठीक म्हणाले. त्यांच्याकडून ठीक म्हणजे चांदीचा पेला.

मग जुळीपाशी थांबले. मास्तर पुतळा डोळ्यांनी बघत नाहीत, हातांनी बघतात. खांदा, पाठ, डावी काख. तिथे हात थांबला. भिंग काढून पट्ट्यांवरच्या तारखा वाचायला लागले.

"हे कोणाचं अंग?"

"नव्या नटीचं," मी म्हटलं.

"नव्या नटीचा पुतळा दोन वर्षांपूर्वीपासून भरतेयस?"

मी अस्तराच्या टाचण्या काढायला लागले.

"हे बघ," ते म्हणाले, "माणूस सुटतं ना, ते दोन्हीकडून सुटतं. एकाच काखेला कापूस मी आयुष्यात कधी भरलेला नाही."

एवढंच. चहा घेतला नाही, गेले. दारातून परत आले आणि म्हणाले, "वीस वर्षांपूर्वी तुझं माप मीच घेतलं होतं. तेव्हाही डावीकडे एक सूत जास्त होतं. मी तेव्हाच विचारायला हवं होतं." मग खरोखर गेले.

वीस वर्षं त्या माणसाला माहीत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि दुसऱ्या क्षणी, खरं लिहायचं तर, जरा बरंही वाटलं.

२१ एप्रिल

इस्पितळ. डॉक्टरीणबाई लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. मला मावशी म्हणते. मी नाटकगृहात मॅडम आहे हे तिला सांगितलं नाही.

'साफ' म्हणणारा कागद पुढे केला. तिने वाचला आणि बाजूला ठेवला. "मावशी, त्या यंत्रात छाती दाबतात. काख बाहेरच राहते. हा कागद छातीचा आहे, याचा नाही."

म्हणजे वर्षभर मी दुसऱ्याच अंगाचा दाखला जपत होते.

हात वर करा, म्हणाली. या वयात, परक्या बाईसमोर, दिव्याखाली मी हात वर केला. तिने शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "बाळंतपणात इथे दूध उतरलं होतं?"

अठ्ठावीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी मान हलवली.

तिने समजावून सांगितलं. काही बायकांना काखेत स्तनाचा जास्तीचा भाग जन्मापासूनच असतो. तो वयात येताना फुगतो, पाळीच्या आधी दुखतो, बाळंतपणात दुधाने भरतो. पुष्कळींना असतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. "पण तो स्तनच आहे. त्यामुळे स्तनाला जे जे होतं ते सगळं त्याला होऊ शकतं. साध्या गाठी होतात, पू होतो, आणि क्वचित वाईटही होतं. तिथे कुणी बघत नाही, म्हणून उशिरा कळतं."

सोनोग्राफी केली, सुईने तुकडा काढला. आठवड्याने या. सोबत कुणीतरी आणा.

२९ एप्रिल

एकटीच गेले.

वाईटच निघालं. स्तनाचा कॅन्सर, पण स्तनात नाही, काखेतल्या त्या तुकड्यात.

ऑपरेशन करायचं. पुढे औषधं, किरण, ते नंतर ठरेल. पसरल्याचं आत्ता तरी दिसत नाही, म्हणाली. मी विचारलं, नाटक पंचवीस दिवसांनी आहे, तोवर थांबेल का? ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "कधीपासून वाढतंय, काही सांगता येईल? लोक नुसतं बरेच दिवस म्हणतात. मला बरेच दिवस नकोत."

"तारखा आहेत," मी म्हटलं. "उद्या आणते."

घरी आले तर बस थांब्यावर छत्री विसरले हे कळलं. ऊन होतं, छत्री उगाचच नेली होती. तिच्यासाठी रडले. छत्रीसाठी रडता येतं, ते बरं असतं.

३० एप्रिल

कपडेपटातून जुळीला उचललं आणि थेट इस्पितळात नेलं. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघी रांगेत बसलो. एका म्हाताऱ्याने सरकून तिला जागा दिली.

डॉक्टरीणबाईसमोर पट्ट्या एकेक उचकटल्या. दोन वर्षांपूर्वीचा ११ ऑगस्ट. गेल्या वर्षीचा ६ मे. २३ नोव्हेंबर. ९ फेब्रुवारी. ३० मार्च. तिने कागदावर मांडलं, नऊ महिने, साडेसहा महिने, अडीच महिने, सात आठवडे. प्रत्येक थराची जाडी मोजली, तसे मी ते परत टाचत गेले. मग पेन खाली ठेवून म्हणाली, "मावशी, इतकी चांगली नोंद मी आजवर पाहिली नाही."

मी सुखावले. मग कळलं की मी हे सगळं स्वतःच्या हाताने टाचलं, तारीख घातली आणि एकदाही वाचलं नाही.

"मेअखेरीस करू," ती म्हणाली. "त्यापुढे एक दिवसही नाही." सत्तावीस मेला भरती, अठ्ठावीसला ऑपरेशन. नाटक चोवीसला उघडतंय.

निघताना तिने फॉर्म भरायला घेतला. "घरात अजून कुणाला असं आहे? आई, बहीण, मुलगी?"

"नाही," मी म्हटलं.

२ मे

काल वही उघडली नाही. व्यवस्थापकांच्या वहीत चौदा बटणं लिहिली.

आज खरं लिहिते.

लेक जन्मली तेव्हा तिसऱ्या दिवशी माझ्या दोन्ही काखा लिंबाएवढ्या फुगल्या. दूध येत होतं. आईने पाहिलं आणि दार लावून घेतलं. जुनं लुगडं फाडून काखा आवळून बांधल्या आणि म्हणाली, "हे कुणाला दाखवायचं नाही. नवऱ्यालाही नाही." ताप आला, भरपूर दुखलं. पंधरा दिवसांनी उतरलं. उजवी जवळजवळ बसली, डावी राहिली. नवऱ्याला एकदा हाताला लागलं. हे काय, म्हणाला. मी म्हटलं, काही नाही. त्यानंतर त्याचा हात तिकडे कधी आला नाही. मला ते बरं वाटलं की वाईट, हे मी कधी ठरवलंच नाही.

लेक पंधरा वर्षांची होती. नाचाच्या झग्याचं माप द्यायला तिने हात वर केले आणि मला तिच्या दोन्ही काखांत तोच उंचवटा दिसला. हरभऱ्याएवढा, पण तोच. ती आरशात बघून हसत होती. मी टेप गुंडाळला आणि बाह्या जोडल्या. आणि त्यापुढे तिच्या विकतच्या कपड्यांनाही गुपचूप चौबगला, म्हणजे घट्ट होणार नाही, म्हणजे ती बघणार नाही, म्हणजे मला सांगावं लागणार नाही.

आईने लुगड्याने बांधलं, मी कापडाने झाकलं. दोघींचीही शिलाई पक्की.

आणि आता ती विचारते, माझ्या वेळी तुला काही त्रास झाला होता का. आणि मी म्हणते, काही नाही.

तिला सांगायला हवं. सांगितलं तर ती विचारेल की तेव्हा का नाही सांगितलंस. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून मी फोन करत नाही. एवढं साधं आणि एवढं भेकड आहे हे.

७ मे

फोन लावला. जावयांनी उचलला. ती झोपलीय, म्हणाले. उठवू का? म्हटलं, नको नको.

१३ मे

फोन लावला. हवा कशी आहे, तब्येत कशी आहे. ती म्हणाली, "आई, तुला काही सांगायचंय का?"

म्हटलं, "नाही, दुसरा गाऊन बसला का?"

"बसला," ती म्हणाली. माझ्यासारखंच म्हणाली, दार लावल्यासारखं.

२० मे

मुलगी झाली! जावयांचा फोन आला. दोघी सुखरूप. कपडेपटात सगळ्यांना सांगितलं. राणीच्या घोळात बसून शिवता शिवता मोठ्याने हसत होते. नात झाली हे जुळीला कपडेपटातच सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं, ऐकू दे.

लगेच जाता येणार नाही. नाटक, मग इस्पितळ. लेकीला कळवलं की नाटकाचं काम आहे. "हो, नाटक," ती म्हणाली.

२४ मे

आज नाटक उघडलं. ते मी पाहिलं नाही.

दुपारी तीन वाजता राजाचा अंगरखा त्याच्या अंगावरच टाचत होते. लेकीचा फोन आला. तिच्या आवाजावरून कळलं की ताप आहे.

"आई, काखेत दगड झालाय. दोन्हीकडे. हात खाली घेता येत नाही. इथले डॉक्टर म्हणतात गळू आहे, संध्याकाळी चिरतील. तुला फक्त सांगून ठेवते."

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. त्या हातावर थुंकल्या.

"चिरू देऊ नकोस," मी म्हटलं. "ते दूध आहे."

"काय?"

"काखेत दूध उतरलंय. तुला तिथे स्तनाचा तुकडा आहे, जन्मापासून. मलाही आहे. तुझ्या वेळी असंच झालं होतं. त्यांना सांग, आधी सोनोग्राफी करा. सांग की आईला आहे. चिरायच्या आधी, ऐकतेयस का? आत्ता सांग."

राजा हात पसरून उभा होता, हललादेखील नाही. चांगला नट आहे.

"तुला माहीत होतं?" लेक म्हणाली. "मला आहे, हे तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"नाचाच्या झग्यापासून."

ती रडत होती की श्वास लागला होता, कळेना. "आई, मला आयुष्यभर वाटत आलंय की तुला मी बेढब दिसते. म्हणून तू मला झाकतेस."

"नाही गं. नाही. मला भीती वाटायची."

"कशाची?"

मला सांगता आलं नाही. तिने फोन ठेवला. मी परत लावला, तो लागला नाही. संध्याकाळचा पडदा उघडला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी विंगेत इस्त्रीच्या टेबलापाशी फोन धरून उभी होते. साडेआठला जावयांचा निरोप आला. सोनोग्राफी झाली. दूधच होतं. चिरलं नाही.

लेकीचा निरोप नव्हता.

२६ मे

आजही नाही. दहा वेळा फोन उघडून पाहिला. जुळीला घरी आणलंय. तिच्याकडे पाठ करून बसले. तिने तरी किती ऐकायचं.

२७ मे

भरती झाले. मास्तर सोबत आले. मी सांगितलं नव्हतं, कपडेपटातल्या मुलींनी सांगितलं. येताना त्यांनी माझी पिशवी धरली आणि चार पावलांवर दमले, मग ती मीच धरली.

खिडकीतल्या बाईने विचारलं, "सोबतच्या माणसाचं नातं?"

"मास्तर," मी म्हटलं.

"नातं विचारतेय, धंदा नाही."

मास्तर मागून म्हणाले, "लिहा, भाऊ."

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

दुपारी फोन वाजला. लेक, आणि तोंड दिसणारा फोन. मांडीवर एवढंसं काहीतरी गुंडाळलेलं. चेहरा उतरलेला, पण ताप नव्हता. सरळ विषयालाच हात घातला. "इथली डॉक्टर म्हणते, या भागाला पुढे काहीही होऊ शकतं, लक्ष ठेवायचं असतं. तुझ्या त्याला कधी काही झालं का? खरं सांग." आणि मग थांबली. "तुझ्या मागे ती पलंगाची दांडी कसली? आई, तू कुठे आहेस?"

सांगितलं. कॅन्सर हा शब्दही उच्चारला. तो तोंडातून बाहेर पडायला वाटला होता त्यापेक्षा लहान निघाला.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग बाळाला बाजूला ठेवलं, गाऊनची बाही वर केली आणि हात डोक्यावर घेतला. निळा गाऊन, माझाच. "बघ," म्हणाली. "तेरा वर्षांपूर्वी नीट बघितलं नाहीस, आता बघ."

मी पाहिलं. लालसर, सुजलेला, माझ्यासारखाच. मी पहिल्यांदा नजर न वळवता पाहिलं.

"आता तुझं दाखव."

मी इस्पितळाच्या झग्याची नाडी सोडली आणि हात वर केला. दोघी हात वर करून बसलो होतो तेवढ्यात मास्तर चहा घेऊन आत आले. बघतात तो काय, अबाऊट टर्न करून भिंतीला तोंड लावून उभे राहिले, हातात दोन कप. "मी काही पाहिलं नाही," भिंतीला म्हणाले. लेक हसली. मग मी. हसताना काख दुखली.

३ जून

ऑपरेशन झालं. डाव्या कुशीत नळी लावलीय, हात उचलत नाही. हे उजव्या हाताने लिहितेय, तोच लिहिता हात आहे हे नशीब. डॉक्टरीणबाईला सांगितलं की फॉर्मवर चूक आहे, मुलीलाही आहे. तिने खोडून नीट लिहिलं. रागावली नाही. मी वाट बघत होते रागावण्याची.

आजूबाजूच्या दोन लसीकागाठींतही सापडलं. औषधं घ्यावी लागतील, लांबलचक. भीती वाटते. जास्त लिहिवत नाही.

१९ जून

घरी. बहुतेक वेळ एकटी. कपडेपटातली एकजण येऊन भांडी घासून गेली, मास्तर एक दिवसाआड येतात आणि खुर्चीत झोपतात. मंगळवारी पहिलं औषध.

दुपारी जुळीला खिडकीशी घेतलं. लेक रोज या वेळी फोन करते, बाळाला पाजताना. तिला दर वर्षी तपासून घ्यायचंय, तिने तारीखसुद्धा घेऊन ठेवलीय. फोन टेबलाला टेकवून मी जुळीच्या डाव्या काखेची शिवण उसवायला घेतली.

"काय करतेयस?"

"थर काढतेय. आता नकोत."

"वाच मला तारखा."

मी एकेक पट्टी उजेडात धरून वाचली. ११ ऑगस्ट. ती म्हणाली, "माझ्या लग्नाला आठवडा झाला होता." ६ मे तिला आठवला नाही. २३ नोव्हेंबर तिने मला पुन्हा वाचायला लावला.

"त्या दिवशी दुपारी मी तुला दिवस गेल्याचं सांगायला फोन केला होता. तू कशी आहेस विचारलं तर म्हणालीस, मजेत."

"हो."

"आणि मग उठून हे टाचलंस."

"हो."

बाळ चुळबुळत होतं. तिने त्याला दुसऱ्या कुशीवर घेतलं. "यापुढे तारीख कापसावर नको लिहूस, आई. मला सांग."

पाचही थर निघाले. खालचा मूळ पुठ्ठा लागला, मास्तरांनी घेतलेल्या मापाचा, तोही कात्रीने कोरावा लागला, कारण आता मी तिथे त्याहून खोल आहे. मग उजव्या हाताने टेप धरून, दुसरं टोक दाताखाली दाबून, माझा डावा मुंढा मोजला. दोनदा मोजला. जखमेवरून टेप नेताना डोळ्यांत पाणी आलं, पण आकडा बरोबर आला.

लेकीला सांगितला. तिने लिहून घेतला.